आज राज्य कोणावर?

मुलांच्या खेळांना त्यांचे स्वतःचे एक नीतिशास्त्र असते. लपंडावात एखादे फारच लहान मूल शिरू पाहते, तेव्हा मोठी मुले त्याला हाकलून देत नाहीत. ती त्याला 'कच्चे लिंबू' ठरवतात. कच्च्या लिंबाने धावावे, लपावे, ओरडावे. मात्र ते सापडले तरी बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य कधीच येत नाही. व्यवस्था दयाळूपणाची आहे. लहानग्याला रडवायचे नाही आणि खेळही बिघडू द्यायचा नाही, असा दुहेरी हेतू तीत साधतो. वर्षा-दोन वर्षांत ते मूल मोठे होते आणि कोणी जाहीर न करताच एके दिवशी 'पक्के' होऊन जाते.

परंतु जे मूल कधीच पक्के होणार नाही असे सर्वांनी आधीच ठरवून टाकले आहे, त्याचे काय? त्याला आयुष्यभर कच्चे लिंबू म्हणून खेळवीत राहणे ही मैत्री आहे, की मैत्रीच्या नावाखाली केलेली दया आहे?

हा प्रश्न मला ग्रंथांतून मिळाला नाही, घरातून मिळाला. माझा धाकटा भाऊ १९७० साली इंदूरला जन्मला. वडील टपाल खात्यात होते. बाळ डाउन सिंड्रोम घेऊन आले आहे, हे आईला प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशी सांगण्यात आले. पण त्या वेळी हा शब्द कोणी वापरला नाही, 'मंगोल' असे म्हटले. १८६६ साली जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी अशा मुलांच्या लक्षणांचे प्रथम व्यवस्थित वर्णन केले व त्यांच्या चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांना एका मानववंशाचे नाव देऊन टाकले. मंगोलियाने विनंती केल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ साली ते नाव सोडले. आमच्या गल्लीत मात्र ते पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

आईला जे प्रश्न ऐकावे लागले ते याहून कठीण होते. गरोदरपणी काय खाल्लेस? ग्रहण पाळले नाहीस काय? ख्रिस्ती शेजारणी ग्रहणाविषयी विचारीत नसत, पण "घराण्यात काही झालं होतं का?" असे हळू आवाजात विचारीतच. वस्तुतः उत्तर तेव्हा अकरा वर्षांपूर्वीच सापडले होते. १९५९ साली फ्रान्समधील झेरोम लझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. २१ व्या क्रमांकाचे एक गुणसूत्र अधिक असते. पेशी विभागताना घडणारी ही गोष्ट सुमारे सातशे ते हजार जन्मांमागे एकदा घडते. ती श्रीमंतांच्या घरी घडते व गरिबांच्याही, आणि आईबापांच्या कोणत्याही कृत्याचे ते फळ नसते. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानाचा हा नववा अध्याय आपण कितीतरी वेळा वाचतो आणि तरीही पाळण्यापाशी उभे राहून शिष्यांचाच प्रश्न विचारतो.

मंडळीतील माणसे वाईट नव्हती. काही म्हणत, "हा तुम्हाला दिलेला क्रूस आहे." काही म्हणत, "हा देवदूत आहे, याच्या मनात पाप नाही." दोन्ही वाक्ये सांत्वनासाठी उच्चारलेली होती आणि दोन्ही ऐकून आई गप्प राहत असे. आज मला तिच्या मौनाचा अर्थ कळतो. क्रूस वाहायचा असतो व देवदूताला वंदन करायचे असते. खेळायला कोणी दोघांपैकी एकालाही बोलावीत नाही. माझा भाऊ क्रूसही नव्हता व देवदूतही नव्हता. तो डब्यातील गुळाचे लाडू चोरीत असे, चोरी उघडकीस आली की मांजराकडे बोट दाखवीत असे, आणि रागावला की चपला लपवून ठेवीत असे. तो एक मुलगा होता आणि त्याला मित्र हवे होते.

ते मिळावेत म्हणून आईने पहिला उपाय केला तो पेपरमिंटच्या गोळ्यांचा. शब्बाथ शाळा सुटल्यावर मंदिराच्या आवारात मुले खेळत. आई पदराच्या गाठीला गोळ्यांची पुडी बांधून येई आणि भावाला खेळायला घेणाऱ्यांना एकेक गोळी देई. गोळ्या असेपर्यंत मुले येत. पुडी संपली की भाऊ कुंपणापाशी एकटा उभा राही. एकदा एका मुलाने निरागसपणे विचारले, "आज गोळ्या नाहीत, तर याला घ्यायचं का?" त्या दिवसापासून आईने पुडी आणणे बंद केले. पुढे आम्ही त्याला फुकट खेळवू लागलो, पण अर्थात कच्चे लिंबू म्हणून. मीही त्यात होते. किंबहुना तो नियम मीच सर्वांना सांगत असे.

तो नऊ वर्षांचा असताना एका रविवारी मंदिराच्या चौकीदाराचा मुलगा आमच्यात आला. त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. लपंडावात त्याने भावाला शोधून काढले आणि म्हणाला, "सापडला. आता राज्य याच्यावर." आम्ही सारे एकदम ओरडलो, "अरे, तो कच्चा लिंबू आहे!" त्यावर तो म्हणाला, "पण सापडला ना?" त्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याने आकडे मोजले. पाचानंतर एकदम नऊ आले, नंतर पुन्हा चार. त्याला शोधायला फार वेळ लागला. लपून लपून आमचे पाय अवघडले, पण कोणी बाहेर आले नाही. घरी येताच तो चुलीपाशी बसलेल्या आईला म्हणाला, "आई, आज माझ्यावर राज्य आलं." आईने भाकरी तव्यावर टाकली आणि कितीतरी वेळ ती उलटायची तिला शुद्धच राहिली नाही.

ज्या गोष्टीला इतर मुले शिक्षा मानतात, ती त्याला सन्मान का वाटली असावी? खेळात राज्य येणे म्हणजे सर्वांना आपली वाट पाहावी लागणे, आपण चुकलो तर खेळ चुकणे. ज्याच्या चुकण्याने काहीच बिघडत नाही, तो खेळात असून खेळात नसतो.

मैत्रीचा विचार करणाऱ्या प्राचीनांपैकी अ‍ॅरिस्टॉटलने तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणांची. आईच्या पेपरमिंटच्या गोळ्यांची मैत्री पहिल्या प्रकारची होती. उपयोग संपताच ती संपली. तोच तत्त्वज्ञ पुढे असेही म्हणतो की, दोघांमधील अंतर फारच मोठे झाले तर मैत्री टिकत नाही. देव व मनुष्य यांच्यात ती संभवत नाही, हे त्याचे उदाहरण. मैत्रीला समानता हवी, हे म्हणणे वावगे नाही. मग ज्याला शंभरपर्यंत आकडे येत नाहीत आणि ज्याचे बोलणे निम्मेच उमगते, त्याची इतरांशी समानता ती कोणती? ख्रिस्ती मनुष्याला या प्रश्नावर सहज पुढे जाता येणार नाही. कारण जे अंतर अ‍ॅरिस्टॉटलला अशक्य वाटले तेच ओलांडून प्रभूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटले. त्यांची बुद्धी त्याच्याएवढी होती म्हणून नव्हे; त्या रात्रीपर्यंत त्यांना त्याचे निम्मे बोलणेही कळले नव्हते.

ही समानता कोठे असते, हे मला १९८७ साली कळले, आणि ते कळण्याची रीत माझ्यासाठी लाजिरवाणी होती.

नागपूरहून मला पाहायला पाहुणे येणार होते. आत्याने आदल्या दिवशीच सुचवले की, मुलाला शेजारी पाठवावे. अशी गोष्ट आधी दिसली की स्थळे फिरतात. वडील काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा होता. नाताळचा सदरा घालून त्याला शेजारच्या काकूंकडे बसवण्यात आले. परंतु आलेल्या माणसांना पाणी देणे हे आमच्या घरी त्याचे काम होते व ते तो कोणालाही करू देत नसे. पाहुण्यांचा आवाज ऐकून तो मागच्या दाराने आला, तबकात चार पेले ठेवले आणि एक थेंबही न सांडता बैठकीत घेऊन आला. पाहुण्या बाईंनी विचारले, "हा कोण?" क्षणभर कोणीच बोलले नाही. मग मी म्हणाले, "शेजारचा आहे."

त्याने तबक खाली ठेवले आणि तो निघून गेला.

त्याला काही समजले नसेल, असे मी मनाला सांगितले. ज्यांना आपण दुखावतो त्यांच्या बुद्धीविषयी अशा वेळी आपले मत फार सोयीचे होते. पण दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवताना माझ्या शेजारी बसला नाही. पांघरूण घेऊन वडिलांच्या बाजूला निजू लागला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "माझं चुकलं." तो म्हणाला, "हो." थोड्या वेळाने पेरूच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, तू राज्य घे." बावीस वर्षांची मी झाडाच्या खोडावर कपाळ टेकून शंभरपर्यंत मोजत राहिले. वळण्याआधीच माझ्या पाठीवर जोराचा धप्पा बसला. तो लपलाच नव्हता. माझ्या मागेच उभा होता. नियमाप्रमाणे राज्य पुन्हा माझ्यावरच आले.

ज्याची केवळ कीव करायची, त्याची क्षमा मागावी लागत नाही. भिकाऱ्याच्या पात्रात नाणे टाकणारा हात त्या पात्राकडून क्षमेची अपेक्षा करीत नसतो. मी मात्र त्या दोन दिवसांत भावाच्या क्षमेवाचून अन्न गोड मानू शकत नव्हते; ती देणे अथवा न देणे सर्वस्वी त्याच्या हाती होते, आणि ती त्याने आपल्या अटीवर दिली. ज्याच्यावर आपण अन्याय करू शकतो आणि ज्याची क्षमा आपल्याला हवी असते, तो आपल्या बरोबरीचा असतो. ही बरोबरी बुद्ध्यंकाच्या तक्त्यात दिसत नाही. पण मैत्रीला आणि भावंडपणाला लागणारी समानता हीच आहे. नागपूरच्या मंडळींना वडिलांनी माझ्या सांगण्यावरून खरे काय ते कळवले. त्या पत्राचे उत्तर आले नाही. पुढे ज्यांच्याशी माझा विवाह झाला, त्यांना पाण्याचा पेला प्रथम भावानेच दिला.

ही नाकारण्याची वृत्ती अज्ञानातून येते असे मानण्याचे कारण नाही. एरिक एरिक्सन यांचे नाव बालमानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. १९४४ साली अमेरिकेत त्यांच्या घरी डाउन सिंड्रोम असलेला मुलगा जन्मला. त्याला संस्थेत ठेवण्यात आले व घरातील इतर मुलांना बाळ जन्मतःच वारले असे सांगण्यात आले. त्या काळी डॉक्टर असाच सल्ला देत, हे खरे. परंतु मुलाच्या मनाची वाढ जगाला समजावून सांगणाऱ्या माणसालाही एवढे मोठे असत्य घरात वागवावे लागले.

याच्या उलट उदाहरण फ्रान्सचे. चार्ल्स द गॉल हे शिस्तीचे, भावना न दाखवणारे सेनानी म्हणून ओळखले जात. १९२८ च्या पहिल्या दिवशी जन्मलेल्या त्यांच्या कन्येला, अ‍ॅनला, डाउन सिंड्रोम होता. सुखवस्तू घराण्यांत अशी मुले संस्थांत पाठवून देण्याचा प्रघात असता, द गॉल दांपत्याने तिला आपल्याजवळ ठेवले. ती अवघ्या विसाव्या वर्षी, १९४८ साली वारली. १९७० साली द गॉल यांचे निधन झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्षपद भूषवलेल्या या पुरुषाला गावच्या साध्या स्मशानभूमीत, त्यांच्याच इच्छेनुसार, त्या लेकीशेजारी पुरण्यात आले. एका पित्याने आपला मुलगा घरातून वगळला आणि दुसऱ्याने मृत्यूनंतरही आपल्या लेकीशेजारी जागा मागितली, असा हा भेद आहे. एवढा भेद ज्ञानाने पडत नाही.

पवित्र शास्त्रात याच अर्थाची एक कथा आहे. दोन्ही पायांनी अधू असलेला मफीबोशेथ लो-दबार येथे दुसऱ्याच्या घरी राहत होता. राजा दावीदाने त्याला आजोबांची जमीन परत दिली. तेवढ्यानेही दया पुरी झाली असती. परंतु दावीदाने त्याला आपल्या पंक्तीला, राजपुत्रांबरोबर नित्य जेवायला बसवले. मफीबोशेथ स्वतःला मेलेल्या कुत्र्याची उपमा देत होता. दावीदाने ती स्वीकारली नाही. आणि हे सर्व कशासाठी? योनाथानाशी असलेल्या मैत्रीसाठी. एका मैत्रीचे अंगण एवढे विस्तारले की, मित्राचे अधू मूलही त्यात आले. आपल्या मुलांच्या मित्रांना आपण हेच शिकवू शकतो. माझ्या मैत्रिणी माझ्याकडे येत, त्या हळूहळू त्याच्याही झाल्या. चौकीदाराचा मुलगा पुढे भोपाळला नोकरीस लागला. त्याचे नाताळचे शुभेच्छापत्र आजही येते, आणि पाकिटावर आमच्या कुटुंबाचे नव्हे, फक्त माझ्या भावाचे नाव असते.

कोणी म्हणेल की, हे सारे ठीक आहे, पण इतर मुलांवर हा भार नव्हे काय? भावंडांचे बालपण यात हरवत नाही काय? हा आक्षेप खोटा नाही. घरात एका मुलाच्या हृदयाची, कानांची, बोलण्याची चिंता सतत चालू असते, तेव्हा दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर सही करायची राहून जाते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरल्या भावाचा राग मी पुष्कळ वेळा अनुभवला आहे. आईबापांनी तो राग पाप म्हणून दडपू नये; ऐकून घ्यावा. आणि मुलांवर मैत्रीची सक्ती तर कधीच करू नये. सक्तीची मैत्री व पेपरमिंटच्या गोळ्यांची मैत्री यांत फारसा फरक नाही.

मग मोठ्यांनी काय करावे? प्रथम, मुलांच्या प्रश्नांना दबावे नाही. "याची जीभ बाहेर का येते? हा असा का बोलतो?" असे मूल विचारते तेव्हा आपण त्याला गप्प करतो, आणि ते एवढेच शिकते की, हा मुलगा बोलण्याजोगा विषय नाही. त्याऐवजी साधे उत्तर द्यावे: त्याचे स्नायू थोडे सैल आहेत, म्हणून शब्द उशिरा येतात, थांबलास तर येतील. अशा मुलांपैकी अनेकांना ऐकू कमी येते, पण पाहून ती पुष्कळ शिकतात. म्हणून खेळाचा नियम तोंडाने सांगण्यापेक्षा करून दाखवावा. सुमारे निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, तेव्हा किती धावावे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. आणि चुकले तर त्यालाही इतरांसारखेच बोलणे बसू द्यावे. ज्याला कोणी रागावत नाही, त्याला कोणी बरोबरीचे मानलेले नसते.

कायद्याने आज पुष्कळ दिले आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला. परंतु कायदा वर्गात बाक देऊ शकतो. मधल्या सुट्टीत शेजारी डबा उघडून बसणारा मित्र तो देऊ शकत नाही. तो आपल्याच घरातून जावा लागतो.

भाऊ जन्मला तेव्हा तो फार जगणार नाही, असे आम्हाला सांगितले होते. अमेरिकेतही १९८३ च्या सुमारास अशा व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते साठीच्या घरात गेले आहे. म्हणून आज अनेक घरांत आईबाप आधी जातात आणि "माझ्यामागे याचे कोण?" या प्रश्नाचे उत्तर भावंडांना द्यावे लागते. आमच्या आईनेही तो प्रश्न मनात ठेवूनच डोळे मिटले. तिने तो मला कधी विचारला नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. आज भाऊ माझ्याकडे राहतो.

त्याने पन्नाशी ओलांडली आहे. वाढीव गुणसूत्राचा एक परिणाम असा की, या वयात स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा पुष्कळ लवकर गाठतो. गेल्या वर्षापासून तो दिवसांची नावे विसरतो, पाण्याचा पेला हातात घेऊन कोणाला द्यायचा ते विसरतो. काही संध्याकाळी तो माझ्याकडे पाहून विचारतो, "तू कोण?"

एकदा हाच प्रश्न त्याच्याविषयी मला विचारला गेला होता आणि मी दिलेले उत्तर मला आठवते. मी त्याच्या शेजारी बसते व म्हणते, "मी ताई. राज्य माझ्यावर आहे." कधी त्याला ते उमगते, कधी नाही. उमगले की तो माझ्या पाठीवर हलकेच धप्पा देतो.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण दर रविवारी पित्याचे राज्य येवो असे मागतो आणि उपासना संपवून मंदिराच्या आवारात येतो. तेथे मुले खेळत असतात. पुढच्या रविवारी, प्रिय वाचकहो, क्षणभर थांबून पाहा. कुंपणापाशी कोणी एकटे उभे आहे काय? आणि खेळात घेतलेले असेल, तर त्याच्यावर राज्य येते काय?